मेपलची गाठ, चांदीचा काठ : मध्ययुगीन मेझरबद्दल

शिसवी

ब्रिटिश म्युझियममध्ये रोकवुड मेझर नावाचा एक वाडगा आहे. मेपलच्या लाकडाचा, साधारण १५०० सालच्या आसपासचा, काठाला सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीची पट्टी. पट्टीवर त्या काळच्या इंग्रजीत चार ओळी कोरल्या आहेत. मतलब असा : जीभ आवर, बोलायचं तर चांगलं बोल, शेजाऱ्याला निवांत बसू दे, ज्याला देवाला खूश करायचंय त्याने शेजाऱ्याला सुखाने जगू द्यावं. पंगतीत हा वाडगा हातोहात फिरायचा, म्हणजे पिणाऱ्याच्या ओठांशी हीच ओळ यायची.

मेझर म्हणजे मेपलच्या गाठीतून कातलेला रुंद, उथळ, बसक्या बुडाचा पेयाचा वाडगा. तेराव्या शतकापासून सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंड, स्कॉटलंड, जर्मनी या भागांत तो सरदाराच्या वाड्यात, मठाच्या भोजनगृहात, कारागिरांच्या संघात आणि खात्यापित्या व्यापाऱ्याच्या घरातही असे. वाइन, एल (एक प्रकारची बिअर), मध घालून केलेलं मीड, जे असेल ते त्यात ओतायचे. बरेच मेझर नुसते लाकडी होते. चांगले होते त्यांच्या काठाला चांदीची पट्टी, बुडाला चांदीची बैठक आणि आत तळाच्या मध्यभागी एक गोल चकती, असा तिहेरी साज असे. चकतीवर कोरीव काम किंवा मीनाकाम : येशूच्या नावाची अक्षरं, बाळाला घेतलेली मरियम, एखादा संत, फूल, प्राणी, नाहीतर घराण्याची ढाल. वाडगा रिकामा होत आला की तळातून चित्र वर यायचं.

मला सगळ्यात आवडणारी चकती कँटरबरीजवळच्या हार्बलडाऊनच्या सेंट निकोलस रुग्णालयाच्या मेझरमधली आहे. हे रुग्णालय कुष्ठरोग्यांसाठी होतं. १०८४ च्या सुमारास कँटरबरीचे आर्चबिशप लानफ्रांक यांनी ते उभारलं. लंडनहून कँटरबरीला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेवरच ते आहे. आर्चबिशप टॉमस बेकेट यांचा २९ डिसेंबर ११७० रोजी त्यांच्याच चर्चमध्ये खून झाला आणि त्यानंतर त्या वाटेवर यात्रेकरूंची रीघ लागली. या रुग्णालयाच्या मेझरच्या तळाशी घोड्यावरचा एक वीर सिंहाला वाचवण्यासाठी अजगरासारख्या ड्रॅगनला भाला खुपसतोय. भोवती फ्रेंचमध्ये लिहिलंय की वॉरिकच्या गायने इथे ड्रॅगन मारला. गाय हा इंग्लंडचा दंतकथांमधला शूर वीर. चकती चौदाव्या शतकाच्या सुरुवातीची. समाजाने गावाबाहेर ठेवलेल्या माणसांच्या जेवणाच्या जागी इतकी सुंदर वस्तू होती, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मठांच्या याद्या वाचल्या की या वाडग्यांचा पसारा कळतो. कँटरबरीच्या ख्राइस्ट चर्च मठाच्या १३२८ च्या यादीत १८२ मेझर नोंदलेत. डरहॅमच्या मठात १४४६ साली ४९. मठ बंद पडल्यानंतर, १५९३ मध्ये, डरहॅमच्या जुन्या चालीरीती कुणीतरी आठवून लिहून ठेवल्या. त्यात म्हटलंय की प्रत्येक भिक्षूचा स्वतःचा वेगळा मेझर होता, आणि त्या सगळ्यांच्या कडा मुलामा दिलेल्या चांदीने मढवलेल्या होत्या. मृत्युपत्रांतून लोक मेझर मुलांना, पुतण्यांना, संघाला, चर्चला ठेवून जात. काही वाडग्यांना नावं होती, आणि यादीत ती नावानिशी येतात.

हा धागा काढण्याचं कारण सांगते. संग्रहालयात असे वाडगे बघताना लोक आधी चांदी बघतात. पाटीवरही चांदीचं वर्ष, चांदीवरचा ठसा, चांदीवरची अक्षरं यांची माहिती जास्त. माझं मत उलट आहे. इथे लाकूड हा मूळ ऐवज आहे आणि चांदी त्याच्या सेवेला आहे. गाठीचं लाकूड सापडणं दुर्मीळ, ते कातणं अवघड, आणि त्याचं रूप एकदा साधलं की ते टिकवण्यासाठी चांदी आणली जायची. तडा गेला तर चांदीच्या तारेने किंवा पट्टीने सांधायचे, पण वाडगा टाकायचे नाहीत.

इथे लाकूडकाम करणारे, सोनारकाम जाणणारे, इतिहास वाचणारे बरेच आहेत. भर घाला, विरोध असेल तोही मांडा.

---

कातकाम_नाद

फार छान विषय, शिसवीताई. मी हौसेने लेथवर वाडगे कातते, त्यामुळे लाकडाच्या बाजूने थोडं लिहिते.

युरोपातला हा मेपल म्हणजे शेताच्या कुंपणात वाढणारा मेपल. झाड फार थोराड होत नाही. लाकूड घट्ट, पांढरट, बारीक रेषांचं; त्याला स्वतःची चव किंवा वास नसतो, म्हणून पेयासाठी उत्तम. पण मेझरला साधं खोड वापरत नसत. खोडावर किंवा मुळाशी कधीकधी मोठी गाठ येते, तिच्या आत शेकडो कोंब दबलेले असतात. तिथे लाकडाचे तंतू एका दिशेने न जाता सगळीकडे वळतात. कापल्यावर ठिपके आणि भोवरे दिसतात ते यामुळेच.

आता महत्त्वाचं. सरळ तंतूंचं लाकूड पातळ कातलं की ते तंतूंच्या दिशेने फुटतं. गाठीत दिशाच नाही, त्यामुळे चीर गेली तरी लांब धावत नाही. म्हणून त्यातून पातळ भिंतीचा वाडगा निघतो. म्हणजे ती गाठ शोभेलाही कामाची आणि मजबुतीलाही. पण वाडग्याला पुरेल एवढी आणि आतून न सडलेली गाठ मिळणं नशिबाचा भाग. मी शोधते तेव्हा अर्ध्याहून जास्त आतून पोकळ निघतात.

त्या काळचा लेथ पायाने चालणारा. वर एक लवचीक दांडा बांधलेला, त्याची दोरी कामाला गुंडाळून खाली पायपट्टीला. पाय दाबला की काम आपल्याकडे फिरतं, सोडला की दांडा दोरी ओढून उलटं फिरवतो. हत्यार फक्त पाय दाबताना लावायचं. ओल्या लाकडावर काम करतात, आणि वाळताना वाडगा थोडा लांबट होतो. पायाच्या लेथवर आत शेवटी मध्यभागी लाकडाचा एक खुंट उरतो, तो तोडावा लागतो आणि तिथे व्रण राहतो. तळातली ती चकती नेमकी त्या व्रणावर बसते. अभ्यासकही असंच मानतात, आणि हातात हत्यार घेतलेल्या कुणालाही ते लगेच पटेल.

इंग्लंडमध्ये हा लेथ फार उशिरापर्यंत चालू होता. बकलबरी कॉमनचे जॉर्ज लेली पायाच्या लेथवर एल्मचे वाडगे कातत, एकाच ओंडक्यातून एकात एक बसणारे. ते १९५८ मध्ये गेले. त्यांचा लेथ रेडिंगच्या इंग्लिश ग्रामीण जीवनाच्या संग्रहालयात आहे.

---

मीठभाकर

वाचताना आजीची काथवट आठवली. भाकरीचं पीठ मळायची तीच, आणि ती कुणी साबणाने धुतलेली आजीला चालायची नाही.

प्रश्न असा की ज्यांना चांदी परवडत होती त्यांनी सरळ चांदीचाच पेला का नाही केला? लाकडात पेय मुरणार, वास राहणार, शिवाय दहा तोंडांना लागणार. काठाला चांदी स्वच्छतेसाठी असेल का?

---

शिसवी

@कातकाम_नाद, खुंटाचा व्रण इतका नीट कुठे वाचला नव्हता. आभार.

@मीठभाकर, काठ हा वाडग्याचा सगळ्यात दुबळा भाग. तो आपटतो, झिजतो, तिथूनच चीर सुरू होते. पट्टीचं पहिलं काम काठ धरून ठेवणं. ओठांना धातू गुळगुळीत लागतो हेही खरंच.

चांदीचाच पेला का नाही, तर तेही होते. डरहॅमच्या मठाकडे चांदीची भांडी कमी नव्हती. तरी रोजच्या जेवणात भिक्षूंसमोर लाकडी मेझर असायचे. म्हणजे ही निवड परवडत नाही म्हणून केलेली नव्हती. लाकूड हाताला गरम किंवा गार लागत नाही, पेयाला धातूची चव येत नाही, आणि हातात घेतल्यावर हलकं वाटतं.

---

उत्तरायण

धागा आवडला, पण "चांदी सेवेला आहे" हे मला पटत नाही.

मध्ययुगात चांदी म्हणजे रोकड. घरातली चांदीची भांडी ही बचत होती. अडचण आली की वितळवून नाणी पाडायची. इंग्लंडमध्ये १३०० च्या कायद्याने चांदीचा कस ९२.५ टक्के ठरवला आणि भांड्यांवर बिबट्याच्या डोक्याचा ठसा सक्तीचा केला, तो याचसाठी. मग मधल्या उत्पन्नाच्या घराने काय करावं? पूर्ण चांदीचा पेला जड आणि महाग. लाकडी वाडग्याला चांदीची पट्टी लावली की थोड्या धातूत मोठा दिमाख होतो. चारचौघांत फिरणारा वाडगा असेल तर आणखीच. मला हा प्रतिष्ठेचा मामला वाटतो. लाकडाचं कौतुक आपण आज, हस्तकलेच्या प्रेमापोटी, मागे नेऊन लावतोय.

---

शिसवी

@उत्तरायण, विरोध नेमका मांडलात. तरी मी माझ्या मतावर ठाम आहे, कारणं सांगते.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये स्टडली बाउल आहे, साधारण १४०० सालचा. सगळा चांदीचा, सोन्याचा मुलामा दिलेला, झाकणासकट. त्याच्यावर इंग्रजी मुळाक्षरं कोरलीत. त्याचा आकार मात्र लाकडी वाडग्याचा आहे : बसका, रुंद, गोल पोटाचा. धातूला तो आकार घ्यायची काही गरज नव्हती. लाकूड हे नुसतं स्वस्तातली चांदी असतं तर लाकडाने चांदीची नक्कल केली असती. इथे चांदी लाकडाच्या मागे गेली आहे.

आणि काळाबरोबर झालेला बदल बघा. जुन्या मेझरांत वाडगा खोल आणि पट्टी अरुंद. पंधराव्या शतकात वाडगा उथळ होत जातो आणि पट्टी उंच. तुमच्या दृष्टीने बघितलं तर हा वाढता दिमाख. मला मात्र दिसतं ते असं की खोल वाडगा निघेल एवढी जाड गाठ मिळेनाशी झाली, म्हणून उथळ वाडग्याला चांदीची भिंत चढवून त्यात पुरेसं पेय मावेल अशी सोय केली. लोकांनी तेवढ्यासाठी लाकूड सोडून दिलं नाही.

प्रतिष्ठा होती, हे मान्य. पण ती गाठीच्या लाकडाचीसुद्धा होती.

---

सोनारआळी

आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या चांदीकामाचं. मढवण्याचं तंत्र कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

लाकडावर डाग देता येत नाही. डाग म्हणजे सांधा जुळवण्यासाठी कमी उष्णतेला वितळणारी चांदी लावून तापवणं. लाकूड जवळ असेल तर ते जळणारच. म्हणून काठाची कडी आधी वेगळी तयार करायची : पट्टी वळवायची, टोकांना डाग द्यायचा, कोरायचं, मुलामा चढवायचा. मुलामा त्या काळी पाऱ्याचा. सोनं पाऱ्यात कालवून लावायचं आणि तापवून पारा उडवायचा. कारागिराच्या फुप्फुसांची वाट लावणारं काम. हे सगळं झाल्यावर थंड कडी लाकडावर उतरवायची, वरची कड आत वळवून हलक्या हातोडीने दाबायची.

जुन्या मेझरांच्या पट्टीची खालची कड बघा. तिथे दात किंवा पानांची किनार कापलेली दिसेल. बघणाऱ्याला ती नक्षी वाटते, पण सलग कडीपेक्षा असे सुटे दात गोल पोटावर एकेक करून दाबून बसवता येतात. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आवळतं, चांदी तशीच राहते. सगळीकडून करकचून आवळलं तर लाकूडच फाटेल. पकड आणि ढील दोन्ही सांभाळावं लागतं. काही मेझरांत काठापासून बैठकीपर्यंत उभ्या पट्ट्या असतात, त्या वरचा साज आणि खालचा साज एकमेकांना धरून ठेवतात आणि लाकूड मधे सुरक्षित राहतं.

या कामात सोनाराला आपली मर्जी चालवता येत नाही. वाडगा जसा वाळून वाकडा झालाय तसं त्याच्या मापाने चालावं लागतं. त्या अर्थाने शिसवीताईंचं म्हणणं मला कामाच्या अनुभवावरून पटतं.

---

इतिहासवेडी

यॉर्कच्या स्क्रोप मेझरचा उल्लेख इथे हवाच!

यॉर्क मिन्स्टरमधल्या या वाडग्यावर असं कोरलंय की आर्चबिशप रिचर्ड स्क्रोप या पेल्यातून पिणाऱ्या प्रत्येकाला ४० दिवसांची पापक्षमा देतात. पुढे आणखी एका बिशपांच्या नावाने तेवढीच. ४० हा आकडा उगाच आलेला नाही. रोमच्या चर्चच्या १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने नेहमीच्या प्रसंगी बिशपांना ४० दिवसांपेक्षा जास्त क्षमा द्यायला मनाई केली होती. म्हणजे दोघांनी मिळून आपापली कमाल मर्यादा या वाडग्याला दिली.

स्क्रोप यांनी राजा चौथ्या हेन्रीविरुद्ध बंडात भाग घेतला आणि ८ जून १४०५ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. यॉर्कच्या लोकांनी त्यांना संतच मानलं, थडग्याला नवस बोलायला लागले. आता विचार करा, राजाने मारलेल्या माणसाच्या नावाची क्षमा देणारा वाडगा संघाच्या मेजवानीत फिरतोय. तो आधी कॉर्पस क्रिस्टी या धार्मिक संघाकडे होता, नंतर जोडे करणाऱ्या कारागिरांच्या संघाकडे आला आणि शेवटी मिन्स्टरकडे. एका लाकडी वाडग्यात अख्ख्या शहराची निष्ठा सामावलेली आहे.

एक शंका. आठव्या हेन्रीने मठ मोडले, त्यानंतर संतांची चित्रं असलेल्या या चकत्या वाचल्या कशा?

---

शिसवी

@इतिहासवेडी, स्क्रोप मेझर मी तुमच्यासारख्या कुणासाठी राखून ठेवला होता.

मठांचे मेझर बहुतेक वाचले नाहीत. १५३६ ते १५४० या चार-पाच वर्षांत मठ बंद झाले, धातूची भांडी राजाकडे गेली आणि बरीचशी वितळवली गेली. चांदी काढून घेतल्यावर लाकडाचं काय करणार? कँटरबरीच्या १८२ पैकी डोळ्यांसमोर आणावं असं आज जवळजवळ काही नाही. उरले ते धर्मशाळा, कॉलेजं, कारागिरांचे संघ आणि काही घराण्यांकडचे. चर्चच्या भिंतीवरची चित्रं चुन्याने पुसली गेली, मूर्ती फुटल्या, पण धर्मशाळेतल्या वाडग्याच्या तळाशी कोण बघायला येतंय?

याचा सुंदर पुरावा सॅम्युअल पीप्स यांच्या रोजनिशीत आहे. २७ फेब्रुवारी १६६० ला ते एसेक्समधल्या सॅफ्रन वॉल्डन इथे होते. तिथल्या निराधारांच्या धर्मशाळेत त्यांना चांदीच्या काठाच्या तपकिरी वाडग्यातून पेय दिलं. त्यांनी ते संपवलं आणि तळाशी चांदीत कोरलेली, बाळाला कुशीत घेतलेली मरियम दिसली. पीप्सनी ते लिहून ठेवलं. तो वाडगा अजून आहे. चांदीवर लंडनचा १५०७-०८ चा ठसा. म्हणजे पीप्सच्या हाती तो आला तेव्हा त्याला दीडशे वर्षं झाली होती, मधे देशाचा धर्म बदलला होता, यादवी युद्ध झालं होतं, राजाचा शिरच्छेद झाला होता, आणि त्या धर्मशाळेत मरियम वाडग्याच्या तळाशी तशीच होती.

---

लामणदिवा

अरुणाचलमध्ये तवांग भागात काही काळ नोकरीनिमित्त राहिलो, तेव्हाच्या माहितीवरून लिहितो. हीच कल्पना आपल्या हिमालयात जिवंत आहे!

तिथले मोनपा लोक लाकडी वाडगे कातण्यात पटाईत. भूतानमध्ये त्राशियांगत्से हे या कामाचं मोठं केंद्र. पश्चिम नेपाळच्या लिमी खोऱ्यातले लोक वाडगे करून पलीकडे तिबेटमधल्या पुरांगला नेऊन विकत आले आहेत. आणि उत्तम वाडगा कशाचा? मेपलसारख्या झाडांच्या गाठीचा! ठिपके, भोवरे जितके नाजूक तितकी किंमत जास्त. वरच्या दर्जाच्या वाडग्यांना चांदी. विषारी पेय घातलं तर काही वाडगे ते दाखवून देतात, अशीही श्रद्धा आहे.

दोन फरक जाणवतात. तिकडे वाडगा ज्याचा त्याचा. जुन्या चालीत माणूस तो अंगरख्याच्या घडीत बाळगतो, लोण्याचा चहा त्यातच पितो. पंगतीत फिरवायचा नाही. दुसरं म्हणजे चांदी बरेचदा आतून असते. पेय चांदीला लागतं, हाताला लाकूड.

मेझरमध्ये आतून चांदी असलेला प्रकार होता का?

---

शिसवी

@लामणदिवा, होता! डरहॅमच्याच त्या १५९३ च्या आठवणींत एक वाडगा आहे, संत बीड यांच्या नावाचा. बाहेरून काळपट मेपल, आतून मुलामा दिलेली चांदी, काठावर बारीक काम आणि बीड यांचं चित्र. तुम्ही सांगता तीच रचना. वाडगा ज्याचा त्याचा, हेही डरहॅमच्या भिक्षूंशी जुळतं.

तिबेट आणि डरहॅम यांचा थेट संबंध जोडायचा मोह मी आवरते. पण गाठीचं लाकूड हाती आलं, ते पातळ कातता येतं हे कळलं, आणि ते मोलाचं वाटलं, तर दोन्हीकडची माणसं चांदीपर्यंत आपापल्या वाटेने पोहोचतात. @उत्तरायण, माझ्या म्हणण्याला हिमालयातून साक्ष मिळाली असं मी धरते.

---

उत्तरायण

साक्ष मान्य. हिमालयात गाठीच्या नाजूकपणावर किंमत ठरते हे वाचून मी अर्धं पाऊल मागे घेतो. अर्धंच, कारण चांदीची पट्टी नसती तर यांतला एकही मेझर आपल्यापर्यंत आला नसता. साधे लाकडी वाडगे लाखोंनी झाले असतील, ते चुलीत गेले. जपले गेले ते मढवलेले.

जे साधे वाचले तेही अपघाताने. राजाचं 'मेरी रोझ' जहाज १५४५ मध्ये सोलंटच्या सामुद्रधुनीत बुडालं, १९८२ मध्ये वर काढलं. त्यात खलाशांचे लाकडी वाडगे आणि थाळ्या मिळाल्या, काहींवर मालकाची खूण कोरलेली. गाळात हवा पोहोचली नाही म्हणून टिकल्या.

---

शिसवी

हे फार मोलाचं बोललात आणि मला पूर्ण मान्य आहे. चांदीने लाकूड वाचवलं, आणि मठांच्या बाबतीत चांदीनेच लाकडाचा घात केला. दोन्ही एकाच धातूने.

---

नारळफोडी

गोव्याहून. करवंटीचे पेले कुणी आणले नाहीत म्हणून आणते.

मेझरच्या बरोबरीने युरोपात नारळाच्या करवंटीला चांदीचा काठ, पट्ट्या आणि उंच बैठक लावून पेले करत. ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजकडे पंधराव्या शतकातला असा पेला आहे. म्हणजे वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला येण्याआधीच आपल्या समुद्राकडचा नारळ इजिप्त आणि व्हेनिसमार्गे तिथवर पोहोचत होता. नारळाबद्दलही विषाचीच समजूत होती. पोर्तुगीजांचा समुद्रमार्ग सुरू झाल्यावर नारळ सहज मिळू लागला आणि सोळाव्या शतकात असे पेले खूप झाले.

घडण मेझरसारखीच : गोल, नैसर्गिक, धातूने धरलेलं पोट. उभ्या पट्ट्यांबद्दल सोनारआळींनी लिहिलं ते करवंटीच्या पेल्यांत अगदी स्पष्ट दिसतं, कारण करवंटीला तर दुसरा आधारच नाही.

---

प्रयोगवही

मी शाळेत विज्ञान शिकवते. केंब्रिजच्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजचा हंसाचा मेझर सांगितल्याशिवाय राहवत नाही.

चौदाव्या शतकातला लाकडी वाडगा, मुलामा दिलेल्या चांदीचा साज, आणि आत मधोमध एक खांब, त्याच्यावर हंस बसलेला. खांबात वक्रनलिका लपवलेली आहे. ठरावीक उंचीपर्यंत पेय ओतलं तर काही होत नाही. त्याच्या वर गेलं की नलिका भरते, प्रवाह सुरू होतो आणि वाडगा बुडातून रिकामा होऊ लागतो, पिणाऱ्याच्या मांडीवर! एकदा सुरू झालं की पातळी खाली आली तरी थांबत नाही, कारण नलिकेचं बाहेरचं तोंड आतल्यापेक्षा खाली आहे.

आठवीच्या मुलांना हे बाटली आणि नळी घेऊन करून दाखवते. सातशे वर्षांपूर्वीच्या आसपास कुणीतरी हव्यास धरू नये हे शिकवायला वापरलं, हे सांगितलं की मुलं जास्त मन लावून बघतात.

---

मीठभाकर

किती काय काय कळलं. मग हे संपलं कशाने? नुसते मठ मोडल्यामुळे?

---

शिसवी

नाही, कारणं एकात एक गुंतलेली आहेत. सोळाव्या शतकात अमेरिकेतली चांदी युरोपात आली आणि पूर्ण चांदीची भांडी जास्त घरांच्या आवाक्यात आली. प्यूटर या मुख्यतः कथलाच्या मिश्रधातूचे पेले सर्रास झाले. व्हेनिसच्या धर्तीची काच लंडनमध्येच तयार होऊ लागली. जाकोमो व्हेर्त्सेलिनी यांना १५७५ मध्ये राणी एलिझाबेथकडून त्याचा परवाना मिळाला. माणसांची पिण्याची रीतही बदलली, प्रत्येकासमोर आपापला पेला आला आणि फिरता वाडगा मागे पडला.

स्कॉटलंडमध्ये गोष्ट थोडी वेगळी झाली. तिथे सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेझर चांदीच्या उंच खांबावर चढला. एडिंबराच्या राष्ट्रीय संग्रहालयात १५६९ चा गॅलोवे मेझर आहे, त्यात लाकूड वर आणि खाली नक्षीदार चांदीचा दांडा. जवळच बूट मेझरही बघावा. तो चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातला, बॅनकबर्नच्या १३१४ च्या लढाईनंतरचा. तळाशी चांदीचा उठावदार सिंह बसलेला आहे, भोवती स्कॉटिश सरदारांच्या मीनाकाम केलेल्या सहा ढाली. सिंह म्हणजे राजा रॉबर्ट ब्रूस असावा असं मानतात. वाडगा भरलेला असताना राजा बुडालेला, आणि सगळ्यांनी मिळून प्यायलं की तो आपल्या सरदारांसह वर येतो. त्याला व्हेलच्या हाडाचं झाकणसुद्धा आहे. पुढे स्कॉटलंडात दोन कानांचा क्वेक नावाचा उथळ पेला आला, तो लाकडी पट्ट्या जोडून करत आणि त्यालाही चांदीचा साज चढवत.

---

कातकाम_नाद

बघायला जाणाऱ्यांसाठी एक विनंती. काचेच्या पेटीसमोर गुडघ्यावर बसून वाडग्याच्या पोटाकडे बाजूने बघा. वरून फक्त चांदी आणि चकती दिसते. बाजूने बघितलं की हत्याराच्या बारीक रेघा आणि गाठीचे भोवरे दिसतात, आणि वाडगा पूर्ण गोल नाही हेही कळतं.

मी पुढच्या महिन्यात मेपलची गाठ मिळाली तर मेझरच्या मापाचा वाडगा कातून बघणार आहे. @सोनारआळी, तो वाळून स्थिर झाला की काठाची कडी तुम्ही कराल का? माप वाडगा सुकल्यावरच घ्यायचं ना?

---

सोनारआळी

जरूर करू. माप सुकल्यावरच, आणि दोन ठिकाणी व्यास घ्या, सगळ्यात रुंद आणि सगळ्यात अरुंद. एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या, मग पाठवा. मुलामा पाऱ्याचा नाही करणार. तळाच्या चकतीवर काय कोरायचं ते तुम्ही ठरवा.